राकू भाजणी: सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा

माठ घेताना टिचकी मारून बघतो, तशीच राकूला, म्हणजे तापलेलं भांडं भट्टीतून थेट बाहेर काढून धुरावायच्या भाजणीला, न्यायच्या वाटीलाही मारा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. ती भट्टीत ठेवूच नका. कुंभाराचा आवा सावकाश निवतो, इथे मात्र लालबुंद वाटी चिमट्याने थेट उघड्यावर येते. हा झटका सोसायला मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, हवी आणि पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला झालेली हवी.

तापलेलं भांडं बाहेर काढायची रीत जपानची. सोळाव्या शतकात क्योतोत चोजिरो नावाचा कुंभार चहाचे वाडगे असे भाजायचा. भुशात धुरावणं मात्र अमेरिकेतलं. तिथल्या पॉल सोल्डनर या कुंभाराने ते १९६०च्या सुमारास सुरू केलं. आपल्या स्टुडिओत चालतं ते हेच.

ग्लेझचे, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचे, दोन-तीन हात द्या, बूड कोरं ठेवा आणि वाटी पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर ती भट्टीत फुटते, शेजारच्यांची भांडीही घेऊन.

भट्टी मोकळ्या अंगणातच लावा, धूर विषारी असतो. शेजारी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, तळाशी लाकडाचा भुसा आणि चुरगळलेला कागद. पाण्याची बादली हाताशी. सुती कपडे, बंद बूट, चामड्याचे लांब हातमोजे, गॉगल, मास्क. नायलॉनची ओढणी घरीच राहू द्या.

मग थंड भट्टीवर तालीम करा: भट्टी कोण उघडणार, चिमटा कुणाकडे, डब्याचं झाकण कुणाकडे. एकदा आम्ही ती गाळली. झाकण तू घे की मी, यात भुसा जळून गेला आणि वाटीला धूर मिळाला तो उरलासुरला.

गॅस सुरुवातीला मंद ठेवा. पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणारा मापक, ९५० अंशांच्या पुढे गेला की भट्टीच्या छिद्रातून बघत राहा. ग्लेझ पाकासारखं बुडबुडतं, मग बसतं आणि ओल्या काचेसारखी तकाकी येते. मी आकड्यापेक्षा या तकाकीवर विश्वास ठेवते. आता गॅस बंद करा, भट्टी उघडा, वाटी हलक्या पण पक्क्या पकडीने उचला.

पांढरं ग्लेझ असेल तर दहा-पंधरा सेकंद हवेत धरा. बारीक टिंग टिंग ऐकू येतं. तडे पडताहेत, त्यांतच काजळी शिरून काळी जाळी उमटते. तांब्याच्या ग्लेझला मात्र थांबवू नका, तडक डब्यात टाका. भुसा पेटला की झाकण दाबा. ऑक्सिजन कोंडला की तांबं लालसर, धातूसारखं झळकतं.

वीस मिनिटं झाकणाला हात लावू नका. मध्येच उघडलं तर ज्वाळा तोंडावर येते आणि झळाळीचा पुन्हा हिरवा होतो. निवल्यावर काजळी भांड्याच्या घासणीने निघते.

राकूची वाटी झिरपते, त्यामुळे जेवणाखाण्यासाठी नको. फुलं ठेवायचीच तर आत काचेची बाटली घाला. माझ्या शिसवी टेबलावर पाण्याचा गोल डाग अजून आहे.