संगणक सुरू होताच सर्व्हिस आपोआप चालू कशी करावी?

विंडोजमध्ये सर्व्हिस (पडद्यामागे, खिडकी न उघडता चालणारा प्रोग्राम) चालू केली, काम होतंय म्हणून आपण निर्धास्त झोपतो. रात्रीत वीज जाऊन येते, आणि सकाळी पाहावं तर संगणक चालू, सर्व्हिस बंद. कारण ‘स्टार्ट’ हे बटण फक्त आत्तापुरतं असतं. पुढच्या वेळी काय करायचं, याची नोंद विंडोज वेगळी ठेवतं. लिनक्समध्ये त्यासाठी ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. मला तेच जास्त सरळ वाटतं.

१. अ‍ॅडमिन खात्यातून लॉगइन करा. स्टार्ट मेन्यूत ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा.

२. यादीतल्या हव्या त्या सर्व्हिसवर डबल-क्लिक करा. ‘जनरल’ टॅबमध्ये ‘स्टार्टअप टाइप’ दिसेल.

३. इथे जरा थांबून विचार करा. इतर प्रोग्राम जिच्यावर अवलंबून आहेत, उदाहरणार्थ डेटाबेस, तिला ‘ऑटोमॅटिक’ द्या. बॅकअपसारख्या, घाई नसलेल्या सर्व्हिसला ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ पुरतं: बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिस उठल्यावर साधारण २ मिनिटांनी ती उठते, तोवर संगणकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. सगळ्यांनाच ‘ऑटोमॅटिक’ दिलं की संगणक सुरू होणं (बूट) रखडलंच म्हणून समजा. आणि ओळख नसलेल्या सर्व्हिसला ‘डिसेबल्ड’ करण्याच्या फंदात पडू नका.

४. ‘अप्लाय’ दाबा. सर्व्हिस लगेच हवी असेल तर ‘स्टार्ट’सुद्धा.

५. ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये पहिल्या दोन फेल्युअरसाठी ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा, म्हणजे ती मध्येच कोसळली तरी पुन्हा उभी राहील.

आता चाचणी, आणि इथेच बरेच जण फसतात. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही सर्व्हिसेस पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. म्हणून चाचणी ‘रीस्टार्ट’ करूनच घ्या. सर्व्हिस उठायला लॉगइनची गरज नाही. वेब सर्व्हर असेल तर लॉगइन न करता दुसऱ्या संगणकावरून उघडून पाहा.

तरीही उठली नाही? ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टिम’मध्ये ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’च्या नोंदी वाचा. नोंदीचा क्रमांक (इव्हेंट आयडी) ७००१ म्हणजे जिच्यावर ती अवलंबून आहे तीच उठली नाही. ७००९ म्हणजे ठरलेल्या वेळेत, एरवी ३० सेकंदांत, तिने प्रतिसाद दिला नाही. ‘लॉगऑन फेल्युअर’ दिसलं तर बहुधा सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याचा पासवर्ड कुणीतरी बदललाय. ‘लॉग ऑन’ टॅबमध्ये नवा भरा.