मोरीच्या पाण्याचा वास असा गेला

न्हाणीघराचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी पिंपात साठवून झाडांना घालायचो. दुसऱ्या दिवशी त्याला गटारासारखी घाण यायची. साबण-मळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून. ब्लीचिंग पावडर टाका, असं शेजारचे काका म्हणाले; ती झाडांच्या मुळावरच उठली असती!

मग पिंपाला तळाशी तोटी बसवली. आत खाली मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर धुतलेली वाळू, आणि वाळूत कर्दळ. मशीनच्या नळीला जुना पायमोजा बांधला. त्यात अडकणारा कपड्यांचा करडा, चिकट भुगा बघून थक्क व्हाल. तोटी उघडीच ठेवतो. पाणी न साठता गाळून थेट केळीच्या आळ्यात जातं. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी मात्र यात सोडत नाही, वाळू चोंदते. कोथिंबीर-पालकालाही हे पाणी नको.