लहानपणीच्या छऱ्याच्या बंदुकीचा जोर गेला असेल तर

माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेली नळी वाकवून भरायची जुनी एअरगन छर्रा जेमतेम पुढे टाकते. बहुतेक वेळा स्प्रिंग ठीक असते, हवा दाबणाऱ्या आतल्या पिस्टनचं चामड्याचं वायसर वाळलेलं असतं. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात चामडं पार कडक होतं. लगेच खोलू नका.

१. नळी थोडीच वाकवा, घोडा चढेल (स्प्रिंग ताणून अडकेल) इतकी नको. नळी जिथे येऊन बसते तिथे, मागच्या भागाच्या तोंडावर हवेचं बारीक छिद्र दिसेल.
२. त्यात सिलिकॉन तेलाचे दोन-तीनच थेंब सोडा. शिलाई मशीनचं तेल नको, ते आत दाबाने पेट घेतं, धूर येतो आणि वायसर जळतं.
३. नळी बंद करून बंदूक दस्ता खाली ठेवून रात्रभर उभी करा.
४. सकाळी नळीच्या जोडावर पातळ टिश्यूची पट्टी ठेवा, छर्रा भरून वाळूच्या पोत्यावर झाडा. पट्टी उडाली तर हवा जोडातूनच निसटतेय. आधी तिथलं छोटं वायसर बदला. पट्टी हलली नाही आणि जोरही आला नाही, तरच आतलं वायसर बघायचं.

ते मात्र जाणकाराकडूनच. स्प्रिंग आत दाबलेली असते, मागचा नट सुटताच अंगावर येते. आणि छर्रा न भरता चाप कधीच ओढू नका, जुना पिस्टन तेवढ्यानेही फुटतो.