रेकॉर्डेड कोर्समध्ये मुलं टिकवायची कशी

मी दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना अकाउंट्स शिकवते, सगळं रेकॉर्डेड, म्हणजे रविवारी व्हिडिओ टाकायचे आणि मग कोणी रात्री अकराला बघतं, कोणी लोकलमध्ये, कोणी थेट पुढच्या शनिवारी. समोर चेहरे नसतात, त्यामुळे मूल गळतं तेव्हा कळतही नाही, नुसतं सबमिशन यायचं थांबतं. असा कोर्स तुम्हाला चालवायचा असेल तर मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

आधी व्हिडिओ. वर्गातला ४५ मिनिटांचा तास जसाच्या तसा टाकू नका हो. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ सेशन तपासली गेली, तेव्हा दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नाहीत. म्हणून घसाऱ्याचा, म्हणजे वापरून वापरून मशीनची किंमत दरवर्षी कमी होते त्याचा, धडा मी चार तुकड्यांत केलाय: घसारा म्हणजे काय, स्थिर हप्ता पद्धत, घटती शिल्लक पद्धत, आणि मशीन मध्येच विकलं तर काय. त्याच अभ्यासात हाताने लिहीत लिहीत समजावलेलं स्लाइडपेक्षा जास्त बघितलं गेलं, तेव्हा वही-पेन घ्या, पुस्तकांच्या ढिगावर मोबाईल आडवा लावा, झालं. आणि फाइल हलकी ठेवा, महिनाअखेरीला मुलांचा डेटा संपलेला असतो.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक प्रश्न हवाच, पण ‘समजलं का’ असला नको, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, मशीन १ ऑक्टोबरला १ लाखाला घेतलं, दर १० टक्के, तर ३१ मार्चला घसारा किती? जो १०,००० लिहितो तो सहा महिने विसरला, उत्तर ५,०००. अशी पाच-सहा चुकीची उत्तरं आली की पुढचा व्हिडिओ तिथूनच सुरू करायचा, कोणाचं नाव न घेता, मग मुलांना कळतं की आपण पाठवलेलं कोणीतरी वाचतंय.

हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, मला तरी हेच वाटतं. मेडिकलच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका मुलाने रात्री पावणेबाराला वहीचा फोटो पाठवला, ताळेबंद जुळत नव्हता, फरक १६,००० चा, आणि खाली लिहिलेलं, मॅडम सोडून देतो आता. मी पूर्ण उत्तर पाठवलं नाही, चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली, त्याच्या नावाने हाक मारून, की फरकाचं निम्मं कर आणि ८,००० चा आकडा कुठे दिसतो ते शोध, कारण वजा करायची रक्कम मिळवली की फरक तिच्या दुप्पट येतो. सकाळी त्याचा मेसेज आला, सापडलं, उचल (मालकाने स्वतःसाठी धंद्यातून काढलेले पैसे) भांडवलातून वजा करायच्या ऐवजी मिळवली होती! तो मुलगा शेवटपर्यंत राहिला. ‘गुड, कीप इट अप’ असं लिहून हे होत नाही, त्याच्या वहीतल्या त्या एका ओळीबद्दल बोलावं लागतं. साठ मुलं असतील तर रोज दहा घ्या, आठवड्याभरात सगळ्यांपर्यंत पोचता.

तारखा ठेवा, पण थोडी सैल. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचे, बारा आठवड्यांचे कोर्स असतात त्यात दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि त्यातल्या सर्वात चांगल्या आठच धरतात, ही पद्धत मला फार आवडते, कारण घरात लग्न निघालं, ओव्हरटाइम लागला तरी मूल बाद होत नाही.

ग्रुपवर ‘कोणाला डाऊट?’ विचारलं की शांतता. त्याऐवजी मुद्दाम चुकवलेली किर्द, म्हणजे व्यवहारांची नोंद, टाका आणि चूक शोधा म्हणा, मग बघा कसे तुटून पडतात, एरवी गप्प असणारेसुद्धा.

आणि दोन आठवडे कोणाचं काहीच आलं नाही तर त्याला स्वतंत्र मेसेज करा, ग्रुपवर नाव घेऊन नाही. का केलं नाहीस असं विचारू नका, कुठल्या व्हिडिओवर थांबलास एवढंच विचारा. बहुतेक वेळा बॅकलॉग बघूनच घाबरलेला असतो, तेव्हा मागचं राहू दे, या आठवड्याचं कर, मागचं रोज एक व्हिडिओ असं घे, असं सांगा आणि त्यातला पहिला व्हिडिओ कोणता ते तुम्हीच निवडून द्या.