ग्राफिक्स ड्रायव्हर वारंवार कोसळत असेल, तर दोष क्रमाने कसा शोधावा

खेळ ऐन रंगात असताना पडदा क्षणभर काळा होतो, आवाज अडखळतो आणि खेळ बंद पडून डेस्कटॉप समोर येतो. असे दोन-तीनदा झाले की विंडोज नव्याने टाकण्याचा विचार मनात येतो. परंतु तो उपाय शक्यतो शेवटी ठेवावा. विंडोज व्हिस्टापासून या प्रणालीत एक पहारा बसवलेला आहे: ग्राफिक्स कार्डाकडून ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ मांडणीनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद आला नाही, तर विंडोज त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारे सॉफ्टवेअर, थांबवून पुन्हा सुरू करते. त्यामुळे ड्रायव्हर कोसळल्याचा संदेश ही केवळ तक्रार असते. कार्ड गप्प का झाले, उष्णतेमुळे, विजेमुळे, रॅममुळे की खरोखरच ड्रायव्हरमुळे, हे त्यात लिहिलेले नसते आणि ते आपल्यालाच शोधावे लागते.

सर्वप्रथम नोंदी पाहाव्यात. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घटनांची नोंदवही, उघडावे आणि विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या भागात जावे. तेथे ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाला असे समजावे. त्याऐवजी ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद असेल आणि संगणक एकाएकी पूर्ण बंद पडला असेल, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे नव्हे, वीजपुरवठ्याकडे वळवावी. प्रत्येक नोंदीची वेळ आठवडाभर वहीत उतरवून ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण परभणीतील आमच्या घरच्या संगणकाचे दुखणे याच वहीमुळे कळले. सगळ्या नोंदी दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच्या होत्या आणि रात्री तोच खेळ तासन्‌तास निर्वेध चालत होता.

अर्थात, ज्या दिवशी ड्रायव्हर अद्ययावत केला त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला असेल, तर मधले सगळे सोडून थेट ड्रायव्हरच्या पायरीवर जावे. इतरांनी, विशेषतः मराठवाड्यातील उन्हाळ्यात, उष्णता आणि धूळ यांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर. खेळ चालू असताना टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात कार्डाचे तापमान पाहावे. खोलीचे तापमान जितक्या अंशांनी चढते, साधारण तितक्याच अंशांनी कार्डाचेही चढते. म्हणजे हिवाळ्यात २६ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर चालणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५च्या आसपास जाणार. त्यात जालना, परभणी अशा जिनिंगच्या गावांत कापसाचे बारीक तंतू पंख्यांच्या मागच्या पट्ट्यांत नमद्यासारखे बसतात. साफसफाईपूर्वी संगणक बंद करून मुख्य वायर काढावी आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या जोराने पंखा गरगर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसर वापरू नये. त्या हवेचा दाब फार असतो आणि तिच्याबरोबर पाण्याचे थेंबही येतात. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडण्याचा मोहही टाळावा. कूलर खोली थंड करतो हे खरे, पण ती ओलसर हवा उघड्या सर्किटवर सतत येऊ देणे बरे नव्हे.

यानंतर वीज. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट आणि आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट मिळतात, असे मानक आहे. कार्डाला अशा दोन जोडण्या असतील, तर एकाच वायरीची दोन टोके न वापरता एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, दोन स्वतंत्र वायरी आणाव्यात. यूपीएसची क्षमताही तपासावी. ६०० व्हीए असे लिहिलेला घरगुती यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच पेलतो. लाइट गेल्याक्षणी गेमिंग संगणकाचा भार त्यावर आला की तो हात टेकतो. व्होल्टेज सतत वरखाली होत असल्यास काही दिवस संगणक दुसऱ्या वीजजोडणीवर, शक्य असल्यास दुसऱ्या घरी, चालवून पाहावा.

उष्णता आणि वीज दोन्ही ठीक असतील, तर वेगवाढीकडे यावे. कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग, काढून टाकावे आणि बायोसमधील (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी मांडणी, तात्पुरते बंद करावे. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासण्याचे साधन रात्रभर चालवून एकही चूक निघाली, तरी रॅम किंवा तिची मांडणी संशयास्पद समजावी. येथे एक फसवे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष असल्याचे कंपनीने २०२४ साली मान्य केले. अशा संगणकांवर खेळ बंद पडताना ‘ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येत असे. दोष मात्र प्रोसेसरचा. असा प्रोसेसर असल्यास बायोस अद्ययावत केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ड्रायव्हर. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा. लॅपटॉप असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर आधी वापरून पाहावा. नंतर इंटरनेट तोडावे, अन्यथा विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवते आणि सगळी मेहनत वाया जाते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जावे, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुने अवशेष काढावेत, संगणक पुन्हा सुरू करून नवा ड्रायव्हर बसवावा आणि त्यानंतरच इंटरनेट जोडावे. नवीनतम आवृत्तीच उत्तम असते असे नाही. त्रास नसलेल्या काळातील जुनी आवृत्ती बसवून पाहण्यात काहीही कमीपणा नाही.

रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींत, जाऊन सुरुवातीला सांगितलेली २ सेकंदांची मुदत ८ किंवा १० करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. थ्री-डी रेंडरिंगसारख्या दीर्घ कामांत त्याचा कधीकधी उपयोग होतो. खेळांत मात्र पडदा दोनऐवजी दहा सेकंद गोठतो, एवढाच फरक पडतो.

एका वेळी एकच बदल करून त्यानंतर दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. इतके करूनही त्रास थांबला नाही, तर कार्ड एखाद्या मित्राच्या संगणकात बसवून पाहावे. तेथेही ते कोसळले, तर दोष कार्डाचाच असून वॉरंटीचा मार्ग धरावा. बिल, अनुक्रमांक आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदींचे फोटो सोबत द्यावेत, कार्डावरील सील फाडू नये आणि कार्ड पुण्यासारख्या दूरच्या सेवा केंद्राकडे कुरियरने पाठवायचे असल्यास ते स्थिर विजेपासून जपणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मूळ खोक्यातच बंद करावे.