लष्करी ॲम्ब्युलन्समध्ये १२ व्होल्ट कुठून घ्यावेत?
ब्रिटिश लष्करातून निघालेली लँड रोव्हर पल्स ॲम्ब्युलन्स २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. फ्रिज किंवा वायरलेससाठी त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्ट ओढू नका. ती उतरत जाते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ देतो, मग भरलेली दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी आटतं. २४ चे १२ करणारा २० अँपिअरचा कन्व्हर्टर लावा, बॅटरीपासून वीतभरात १५ चा फ्यूज. आधीच्या मालकाने एकाच बॅटरीवरून १२ चा फाटा काढून ठेवलाय का, तेही बघा, बरेचदा सीटखाली लपलेला सापडतो. गाडी रात्रभर उभी ठेवून बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. ०.२ व्होल्टहून जास्त फरक आला तर प्रत्येक स्वतंत्र चार्ज करा. तरीही राहिला तर जोडीच बदला, एकटी नको.