अनोळखी माणसाचं स्किल आपल्या कॉम्प्युटरवर बसवताना

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना कोटेशन इंग्रजीत लागतं, सोसायटीच्या चेअरमनना वार्षिक अहवाल मराठीत लागतो, आणि येळ्ळूरहून आलेल्या शेतकऱ्याला हातातल्या कन्नड पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात, नेमकं काय लिहिलंय ते आपल्या भाषेत कळून घ्यायचं असतं. या सगळ्यासाठी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मी क्लॉडचं, म्हणजे अँथ्रॉपिक कंपनीच्या एआय मदतनिसाचं, डेस्कटॉप ॲप वापरते. निपाणी, खानापूर, चिकोडीकडे असंच दुकान चालवणारे ओळखीचे लोक फोन करून विचारतात, "अक्का, ते बाहेरचं स्किल कसं घालायचं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

स्किल म्हणजे एखादं काम कसं करायचं ते क्लॉडला सांगणारं एक साधं फोल्डर. त्यात एक फाइल असावीच लागते. तिचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्किल, मग टिंब, मग छोट्या अक्षरांत एमडी. फाइलच्या अगदी वर तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये दोन गोष्टी: स्किलचं नाव आणि ते कशासाठी, कधी वापरायचं याचं वर्णन. खाली काम कसं करायचं त्याच्या सूचना. काही फोल्डरांत सोबत पायथन भाषेतले छोटे प्रोग्राम, नमुन्याची कागदपत्रं किंवा तक्ते असतात. ॲप सुरू असताना क्लॉडसमोर फक्त नाव आणि वर्णन असतं. आपण काही काम सांगितलं आणि ते वर्णनाशी जुळलं, की मग तो खालच्या सूचना उघडून वाचतो आणि गरज पडली तर सोबतचे प्रोग्राम चालवतो. अँथ्रॉपिकने ही सोय 2025 च्या ऑक्टोबरात आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरात हा साचा सगळ्यांसाठी खुला केला. म्हणून एकाने लिहिलेलं फोल्डर दुसऱ्या कंपनीच्या साधनांतही चालू शकतं, आणि म्हणूनच आता जो तो स्किल्स लिहून वाटतोय.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या फोल्डरातल्या सूचना क्लॉड पाळायच्या सूचना म्हणूनच वाचतो. म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेलं सांगणं आपल्या दुकानात, आपल्या गिऱ्हाइकांच्या कागदांवर लागू होतं. माझ्या टेबलावर दिवसभर आधार कार्डं, पासबुकं, वारसाचे अर्ज, पहाण्या पडलेल्या असतात. ती माणसं भरवशाने देतात. त्यामुळे बसवण्याची कृती पाच मिनिटांची असली तरी त्याआधीच्या वाचनाला मी जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्यावा असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी बघा की बाहेरचं स्किल खरंच लागतंय का. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि पीडीएफ फाइली बनवण्याची स्किल्स अँथ्रॉपिकनेच आत दिलेली आहेत. सोसायटीचा ताळेबंद एक्सेलमध्ये मांडायचा असेल तर वेगळं काही शोधायची गरज नाही. आपल्या कामाचं काही खास असेल तरच बाहेर जायचं.

बाहेर म्हणजे बहुतेक वेळा गिटहब, लोक आपले प्रोग्राम आणि फाइली जिथे ठेवतात ती वेबसाइट. अँथ्रॉपिकचं स्वतःचं स्किल्सचं भांडार तिथेच आहे, सुरुवात तिथून करा. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं असेल तर ते कुणी लिहिलंय, आणखी काय काय लिहिलंय, फायली कधी आणि का बदलल्या, हे गिटहबवर उघड दिसतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली झिप फाइल मात्र घेऊ नका, पाठवणारा कितीही जवळचा असो. त्याने ती कुठून आणली, मधे कुणी काय बदललं, हे त्यालाही माहीत नसतं.

आता वाचन. गिटहबवर ती मुख्य फाइल उघडली की सुबक मथळे आणि मुद्दे दिसतात. तेवढ्यावर थांबू नका. 'रॉ' नावाचं बटण दाबा आणि कच्चा मजकूर बघा, कारण एमडी फाइलमध्ये लपवलेल्या टिपा लिहिता येतात. त्या सजवलेल्या पानावर दिसत नाहीत, पण क्लॉडला दिसतात. डाउनलोड केल्यावर नोटपॅडमध्ये उघडलं तरी चालतं.

वाचताना मी एकच प्रश्न मनात ठेवते: वर्णनात जे काम सांगितलंय त्यासाठी ही ओळ लागते का? तक्ता बनवायच्या स्किलला इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावर काही पाठवायचं कारण नाही. म्हणून कंट्रोल-एफ दाबून एचटीटीपी शोधा. प्रोग्रामांत कर्ल, डब्ल्यूगेट, रिक्वेस्ट्स हे इंग्रजी शब्द शोधा, ते बाहेरच्या पत्त्याशी बोलण्यासाठी वापरतात. बेस64 असं लिहिलेलं आणि पुढे अर्थ नसलेल्या अक्षरांची लांबलचक माळ दिसली तर समजा की काहीतरी झाकून ठेवलंय. ते स्किल तिथेच सोडा. 'वापरणाऱ्याला हे सांगू नकोस', 'परवानगी न विचारता कर', 'आधीच्या सूचना विसर' अशा अर्थाचं वाक्य कुठेही सापडलं तर पुढे वाचायचीही गरज नाही. पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रामांसाठीचा पासवर्डच) मागणारं स्किलही माझ्या दुकानात येत नाही.

प्रोग्राम वाचता येत नसेल तर दोन वाटा आहेत. इंजिनिअरिंग शिकणारी मुलं बेळगावात कमी नाहीत, शेजारच्या मुलाला दाखवा. दुसरी वाट म्हणजे नव्या चॅटमध्ये तो मजकूर चिकटवून क्लॉडलाच विचारायचं: हे चालवू नकोस, यातली प्रत्येक फाइल काय करते आणि बाहेर काही पाठवते का ते सांग. याने मदत होते, पण केवळ त्याच्या उत्तरावर विसंबून बसवू नका. लबाड मजकूर वाचणाऱ्यालाही फसवायचा प्रयत्न करतो. आणि कुणालाच वाचता येत नसेल तर ज्यात प्रोग्राम नाहीत, नुसत्या सूचना आहेत, अशी स्किल्स घ्या. आमच्यासारख्यांच्या बऱ्याच कामाला तेवढी पुरतात.

वाचून समाधान झालं की बसवणं. गिटहबवरून झिप डाउनलोड केली तर त्यात पूर्ण भांडार येतं, अनेक स्किल्स एकत्र. ती झिप तशीच चढवली तर चालत नाही. आधी ती उघडा, आपल्याला हवं ते एकच फोल्डर बाहेर काढा, त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून त्याचीच नवी झिप करा. फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली निवडून झिप केली तर फाइली सुट्या पडतात आणि ॲप ती नाकारतं. झिप उघडली की आधी फोल्डर दिसलं पाहिजे, आणि त्याच्या आत मुख्य फाइल.

विंडोजमध्ये आणखी एक अडचण येते. फाइलच्या नावाचा शेवट विंडोज लपवतं. नोटपॅडमध्ये काही बदलून 'सेव्ह ॲज' केलं की एमडीच्या मागे कधी कधी गुपचूप टीएक्सटी लागतं, दिसत मात्र नाही, आणि मग ॲप म्हणतं की मुख्य फाइलच सापडत नाही. विंडोज 11 मध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो'खाली 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करून ठेवा. फोल्डरचं नाव आणि फाइलमधलं नाव एकच असू द्या: छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच, मधे मोकळी जागा नको.

मग ॲपमध्ये सेटिंग्ज उघडा. 'कोड एक्झिक्युशन अँड फाइल क्रिएशन' सुरू असल्याशिवाय स्किल्स चालत नाहीत. 'स्किल्स'चा भाग काही आवृत्त्यांत 'कॅपॅबिलिटीज'खाली असतो, काहींत 'कस्टमाइज'खाली. तिथे अपलोडचा पर्याय घेऊन झिप द्या. यादीत नाव आलं आणि शेजारचा स्विच सुरू असला की झालं. कोड चालवण्याच्या त्याच सेटिंगजवळ बाहेरच्या नेटवर्कशी जोडणीचाही स्विच असतो. गिऱ्हाइकांच्या कागदांवर काम करताना मी तो बंद ठेवते. एखाद्या स्किलला जास्तीचं पॅकेज उतरवायचं असेल तर ते अडेल, पण अडलेलं परवडतं. जीमेल, ड्राइव्ह असं काही क्लॉडला जोडलेलं असेल तर नव्या स्किलच्या चाचणीपुरतं तेही काढून ठेवा.

चाचणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या सीमाभागात बाहेरचं स्किल नेमकं इथेच चुकतं.

जमिनीचा उतारा वाचून तक्ता करणारं एक स्किल मी घेतलं. लिहिणारा महाराष्ट्रातला असावा. सातबारा त्याला उत्तम कळतो: हेक्टर, आर, चौरस मीटर. आमच्याकडे पहाणी. तिच्यात क्षेत्र एकर, गुंठे, आणे वगैरे असं टिंबं देऊन लिहितात. 2.15.0.0 म्हणजे 2 एकर 15 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर धरला की ते होतात 95 गुंठे, म्हणजे सुमारे 0.96 हेक्टर. पण टिंब बघून जो 2.15 ला दशांश समजेल त्याचे होतील 86 गुंठे, सुमारे 0.87 हेक्टर. 9 गुंठ्यांचा फरक, जवळजवळ 9,800 चौरस फूट. कागवाडच्या अलीकडे पहाणी आणि पलीकडे मिरजेच्या बाजूला सातबारा, अशी दोन्हीकडे जमीन असलेली घरं आहेत. वाटणीचा तक्ता करताना अशी चूक शिरली तर भावाभावांत कोर्टापर्यंत जाईल.

म्हणून खरा कागद देण्याआधी बनावट नावांचा, आपल्याला उत्तर पक्कं माहीत असलेला नमुना द्या. मी खोट्या सर्व्हे नंबरचा, 2.15.0.0 क्षेत्राचा कागद टाइप करून ठेवलाय. आण्यांसाठी आणखी एक ओळ त्यात आहे, 16 आण्यांचा गुंठा. नवीन स्किलला पहिल्यांदा तोच. उत्तरात 95 गुंठे आले नाहीत तर ते कामाला लावायचं नाही.

आणि इथेच स्किलचा मोठा फायदा आहे: ते दुरुस्त करता येतं. त्या स्किलमध्ये मी मराठीतच ओळी घातल्या: 'कर्नाटकच्या पहाणीतलं क्षेत्र एकर.गुंठे.आणे असं असतं. दशांश समजू नकोस. 40 गुंठे म्हणजे 1 एकर. शंका आली तर हिशोब न करता विचार.' वर्णनातही पहाणी, उतारा, आरटीसी हे शब्द घातले, कारण गिऱ्हाईक यातलं काहीही म्हणतं आणि वर्णनात नसेल तर क्लॉड ते स्किल उघडेलच असं नाही. पुन्हा झिप केली, पुन्हा चढवली. नव्या चॅटमध्ये तोच बनावट कागद दिला, 95 आले. कधी स्किल आपणहून उघडलं नाही तर त्याचं नाव घेऊन सांगा, 'अमुक स्किल वापरून हे कर.' मग उघडतं.

श्री-लिपी या जुन्या फॉन्टातल्या फाइलींवर मात्र कुठलंही स्किल थेट लावू नका. पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत वेगळेच कोड असतात आणि क्लॉडपुढे अर्थहीन अक्षरं जातात. आधी त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, बदलून घ्या. कन्नडच्या नुडी फॉन्टातल्या जुन्या फाइलींचंही तेच.

खरा कागद द्यायची वेळ आली तरी आधारचा नंबर झाका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार मिळतं, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. तक्त्यासाठी पूर्ण नंबर कशाला हवा? गिऱ्हाइकालाही विचारा. "तात्या, हे मी कॉम्प्युटरच्या मदतनिसाकडून वाचून घेणार आहे, चालेल ना?" बहुतेक जण हो म्हणतात. एखादा नको म्हणाला तर हाताने करून द्यायचं, आणि पैसे तेवढेच घ्यायचे.

चढवलेलं स्किल आपोआप नवं होत नाही. लिहिणाऱ्याने गिटहबवर सुधारणा केली तरी आपल्याकडे जुनंच राहतं. मला हे बरं वाटतं, कारण न वाचलेलं काही आत येत नाही. नवीन आवृत्ती हवी असेल तर उतरवा, जुनीशी ताडून बघा, बदललेल्या ओळी पुन्हा त्याच नजरेने वाचा, आपल्या गुंठ्यांच्या ओळी परत घाला, मग चढवा. प्रत्येक झिप मी तारखेच्या नावाने एका फोल्डरात ठेवते. महिनाभर न लागलेल्या स्किलचा स्विच बंद करते. ज्याचं काम संपलं ते यादीतून काढून टाकते, झिप मात्र फोल्डरात राहू देते.